स्मोक (१९९५): कोपऱ्यावरचं दुकान, चार हजार फोटो आणि एक चोरीचा कॅमेरा

उंबरठा | रविवार, रात्री ११:२०

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मध्येच झोपलो होतो, हे आधीच कबूल करतो. कॉलेजात एका मित्राने सीडी दिली होती, "काही घडत नाही, पण भारी आहे" अशी जाहिरात करून. त्यातलं पहिलं लगेच पटलं आणि डोळा लागला. इतक्या वर्षांनी परवा पुन्हा पाहिला, काल परत पाहिला, आणि आज कोणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडेना म्हणून धागा काढतोय.

(रहस्यभेद आहे. तीस वर्षं जुन्या सिनेमाच्या रहस्यभेदावरून कोणी रुसणार असेल तर त्याने इथूनच मागे फिरावं.)

न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, १९९० चा उन्हाळा. सातवा अव्हेन्यू आणि तिसरा रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर सिगार-सिगारेटचं दुकान. नाव भारदस्त, 'ब्रुकलिन सिगार कंपनी', पण जीव पानपट्टीचाच. मालक दुसराच आहे. गल्ल्यावर असतो ऑगी रेन, म्हणजे हार्वी कायटेल. समोर ठिय्या देऊन बसलेली, घोड्यांवर पैसे लावणारी आणि दिवसभर तोंडाची वाफ दवडणारी मंडळी. अशा दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बैठकीचे सभासद जास्त, हे तिथेही तसंच.

गिऱ्हाइकांपैकी एक लेखक, पॉल बेंजामिन (विल्यम हर्ट). छोट्या डच सिगारच्या दोन डब्या घेऊन जातो. त्याची गरोदर बायको काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या गोळीबारात सापडून गेली. तेव्हापासून लेखन बंद. एक दिवस तंद्रीत रस्ता ओलांडताना ट्रकखाली जायचाच, पण एक काळा पोरगा त्याला मागे ओढतो. पोरगा आपलं नाव रशीद सांगतो. (खरं नाव थॉमस. पुढे तो आणखीही नावं सांगतो. पोरगं थापा मारण्यात पीएचडी आहे.) मग ऑगीची जुनी प्रेयसी रुबी उगवते, एका डोळ्यावर पट्टी, आणि सांगते की तुला एक मुलगी आहे, ती नशेत बुडालीय, तिच्यासाठी काहीतरी कर. आणि शहराबाहेर पीकस्किलला एक मोडकळलेलं गॅरेज चालवणारा सायरस (फॉरेस्ट व्हिटेकर), एका हाताच्या जागी लोखंडी आकडा. हा रशीदचा बाप, बारा वर्षांपूर्वी परागंदा झालेला.

सिनेमाचे पाच भाग आहेत, एकेकाच्या नावाचे: पॉल, रशीद, रुबी, सायरस, ऑगी.

आता मला खरं लिहायचंय ते पैशांबद्दल. रशीदकडे एका कागदी पिशवीत जवळपास सहा हजार डॉलर असतात. दरोडेखोर पळताना टाकून गेलेली पिशवी, त्याने उचललेली. पॉल त्याला ऑगीच्या दुकानात झाडलोटीला लावून देतो. पहिल्याच दिवसांत हे पोरगं मोरीतला नळ चालू ठेवतं आणि मागच्या खोलीत ठेवलेले चोरटे क्युबन सिगार भिजून त्यांचा लगदा होतो. ऑगीचे आयुष्यभराची पुंजी म्हणावी असे ५ हजार डॉलर त्यात अडकलेले. पॉलच्या सांगण्यावरून रशीद पिशवीतले पाच हजार ऑगीपुढे ठेवतो. फिटलं. आणि ऑगी काय करतो? तेच पैसे रुबीच्या हातात देतो. मुलगी खरंच माझी का, असं विचारतो, ती म्हणते पन्नास टक्के. तरी देतो.

म्हणजे बघा, ही रक्कम मुळात चोरीची, नुकसान झालं ते चोरट्या मालाचं, आणि शेवटी ती पोचली अशा मुलीच्या नावावर जी त्याची असेलही, नसेलही. एकाचाही हिशेब सरळ नाही. पण ज्याच्या हातात ती पिशवी जाते तो आधीपेक्षा थोडा बरा माणूस होऊन बाहेर पडतो. माझ्या डोक्यात दोन दिवस हेच फिरतंय.

अल्बमच्या प्रसंगाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. ऑगी रोज सकाळी आठ वाजता दुकानासमोरच्या कोपऱ्यावर तिकाटणं लावून एक फोटो काढतो. तोच कोपरा, तीच वेळ. चार हजारांवर फोटो झालेत, म्हणून त्याला सुट्टीवर जाता येत नाही. एका रात्री तो पॉलला अल्बम दाखवतो. पॉल भराभर पानं उलटतो, आपण पाहुण्यांकडे लग्नाचा अल्बम उलटतो तशी. सगळे सारखेच आहेत की! ऑगी त्याला म्हणतो, जरा हळू. मग तो सांगतो, कधी उन्हाळ्याचं ऊन, कधी पानगळीचं. कधी अंगावर कोट, कधी टीशर्ट. कधी तीच माणसं, कधी नवी. पॉलचा हात मंदावतो. आपणही आता चेहरे बघायला लागलेलो असतो. आणि एका फोटोत, विशेष काहीच नाही, कामावर निघालेली त्याची बायको.

हर्ट तिथे जे रडतो ते मी कॉलेजात असताना झोपेत घालवलं होतं.

कोणी पाहिलाय का? बोला.

---

जर्सीची आत्या | सोमवार, पहाटे ४:०५

पाहिलाय का म्हणून काय विचारतोस! पटकथाकार पॉल ऑस्टर आमच्याच न्यू जर्सीतला, न्यूअर्कमध्ये जन्मलेला. पुढे ब्रुकलिनचा झाला ते सोडा. २०२४ च्या एप्रिलमध्ये गेला, ब्रुकलिनमधल्या घरीच.

एक भर घालते. हे सगळं सुरू झालं एका वर्तमानपत्रातल्या गोष्टीपासून. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्याकडे नाताळसाठी गोष्ट मागितली आणि २५ डिसेंबर १९९० ला छापली. दिग्दर्शक वेन वांगने ती सॅन फ्रान्सिस्कोत त्याच दिवशी सकाळी वाचली आणि लेखकाचा पिच्छा पुरवला. वांग हाँगकाँगचा, बापाने जॉन वेनच्या नावावरून नाव ठेवलेलं. पैशांत जपानी निर्मात्यांचाही वाटा होता. म्हणजे हाँगकाँगचा दिग्दर्शक, जर्सीचा लेखक, जपानी पैसा, आणि निघाला काय तर सगळ्यांत ब्रुकलिनी सिनेमा.

दुसरं म्हणजे, तो कोपरा बघायला गेलात तर फसाल. मी फसलेय. सिनेमात सांगतात सातवा अव्हेन्यू आणि तिसरा रस्ता, पण चित्रीकरण झालं तिथून बरंच दक्षिणेला, प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट आणि सोळाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. मी पाऊण तास चुकीच्या कोपऱ्यावर उभी राहून फोटो काढले. सकाळी आठला, हट्टाने. नवरा गाडीत बसून घड्याळ बघत होता.

---

पर्वतीकर | सोमवार, सकाळी ९:१२

वाचखूण साठवली आहे. आज रात्री बघतो.

---

तिरकस | सोमवार, सकाळी १०:४७

मी जरा काडी टाकतो, हलके घ्या.

सिनेमा मी पाहिला आहे आणि जागेपणी पाहिला आहे. मान्य की अल्बमचा प्रसंग उत्तम. पण बाकी? दोन तास पुरुष एकमेकांना गोष्टी सांगतात. बायकांना काय काम आहे? पॉलची बायको फोटोत. रशीदची आई मेलेली. रुबी आली ती पैसे मागायला. तिची मुलगी (अॅशली जड) एका प्रसंगापुरती, बापाच्या अंगावर वसावसा ओरडायला. शेवटच्या गोष्टीतली आजी आहे ती आंधळी. एकही बाई गल्ल्यापाशी येऊन दोन घटका टेकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात 'एकमेकांत गुंतलेली आयुष्यं' वगैरे ठीक, पण ती सगळी पुरुषांची.

आणि दुसरं, गोऱ्या लेखकाच्या आयुष्यात काळा मुलगा येतो, त्याचा जीव वाचवतो, त्याचं लेखन सुरू करून देतो. हा साचा हॉलिवुडने इतका वापरलाय की झिजलाय. नावाला स्वतंत्र सिनेमा.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी १:३०

बायकांबद्दलचा मुद्दा बिनशर्त मान्य. अॅशली जडचा तो एकच प्रसंग मात्र असा आहे की नंतर अर्धा तास दुसरं काही डोक्यात शिरत नाही. ती ऑगी आणि रुबी दोघांना हाकलून देते आणि दार लागल्यावरचा तिचा चेहरा बघा. तिथे सिनेमा तिच्या बाजूला गेलेला असतो.

रशीदबद्दल असहमत. तो कुणाला तारायला आलेला नाही, स्वतःचा बाप शोधायला आलाय. पॉल त्याच्या वाटेतलं एक स्टेशन. आणि बापाची भेट होते तेव्हा काय होतं? मारामारी. गळाभेट-बिळाभेट नाही. मग सगळे एका बाकड्याभोवती बसतात, सायरस, त्याची आताची बायको, तान्हं बाळ, रशीद, पॉल, ऑगी. कोणी बोलत नाही. सायरस सिगार ओढतो. इतका बडबड्या सिनेमा, आणि तिथे गप्प.

---

गल्लाधारी | सोमवार, रात्री १०:५५

आमचं सांगलीत किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बसतो. सिनेमा अजून पाहिला नाही, पण धागा वाचून त्यातलं एक-दोन दृश्यं यूट्यूबवर सापडली ती पाहिली, म्हणून धंद्याच्या बाजूने दोन शब्द.

पॉल डब्या घेऊन गेल्यावर ऑगी बाकीच्यांना त्याच्या बायकोची गोष्ट सांगतो. ती त्या दिवशी याच दुकानात येऊन गेली होती. ऑगी म्हणतो की तिने त्या दिवशी बरोब्बर सुट्टे दिले नसते, किंवा दुकानात थोडी गर्दी असती, तर तिला निघायला अजून काही क्षण लागले असते आणि कदाचित ती गोळी तिला लागली नसती.

हे मी तीन वेळा ऐकलं. हे वाक्य गल्ल्यावर बसणाऱ्यानेच लिहावं. आम्ही दिवसभर सुट्टे द्या, सुट्टे द्या करत असतो. सुट्टे देणारं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस. त्याला थांबवत नाही, वेळ खात नाही. आणि इथे तेच उलटलंय. आमच्याकडे एक मास्तर यायचे, रोज सकाळी अर्धा लिटर दूध आणि पाव, पैसे मोजून मुठीत धरलेले, हातात ठेवले की निघाले. पंधरा वर्षांत त्यांच्याशी माझं पंधरा वाक्यं बोलणं झालं नसेल. ते गेल्यावर मुलगा कळवायला आला तेव्हा मला त्यांचं आडनाव कळलं. उधारीवाल्यांची मात्र सात पिढ्यांची माहिती असते. वहीत असते ना.

दुसरं, धंद्याची चूक. मोरीचा नळ पोराच्या भरवशावर आणि शेजारी पाच हजारांचा माल? माल फळीवर ठेवायचा, जमिनीवर नाही. हे आमच्याकडे पुरानंतर लहान पोराला पण कळतं.

---

मोडी_लिपी | मंगळवार, सकाळी ८:२०

गल्लाधारी, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्याहून सरस आहे. (उंबरठा, राग नसावा.)

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ८:४१

राग कसला, मलाही तसंच वाटलं.

---

फ्रेमबाहेर | मंगळवार, दुपारी ३:१५

धागालेखकाने पैशांचा माग काढलाय, पण अर्धाच. पुढचा अर्धा मी देतो. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या, मनापासून सांगतो.

शेवटच्या भागात पॉलला वर्तमानपत्राने नाताळची गोष्ट मागितलेली असते आणि त्याला काही सुचत नसतं. ऑगी म्हणतो, जेवण घाल, मी तुला ऐकलेल्यातली सर्वांत भारी गोष्ट सांगतो, आणि शब्दन् शब्द खरी. दोघं हॉटेलात बसतात. तिथे ऑगीच्या हातात वर्तमानपत्र असतं. बातमी: दागिन्यांच्या दुकानावर दरोडा घालताना दोघे मारले गेले. हे तेच दोघे, रशीदच्या मागावर असलेले, पॉलच्या घरात घुसून त्याला बडवणारे. त्यातल्या एकाचं नाव रॉजर गुडविन.

मग ऑगी गोष्ट सांगायला लागतो. एक पोरगा दुकानातून मासिकं शर्टात कोंबून पळतो. ऑगी मागे धावतो, पोराचं पाकीट पडतं. पाकिटात पैसे नाहीत, लायसन आणि दोन-चार फोटो. ऑगीला दया येते, तो तक्रार करत नाही. पुढे नाताळच्या दिवशी एकटाच असतो, म्हणून पाकीट परत द्यायला पत्त्यावर जातो. दार उघडते आंधळी म्हातारी. तिला वाटतं नातू आला. ऑगी नाही म्हणत नाही. दोघं एकत्र जेवतात. तो तिला थापा मारतो की छान नोकरी लागलीय, लग्न ठरतंय. म्हातारी पेंगते. ऑगी न्हाणीघरात जातो, तिथे कोऱ्या कॅमेऱ्यांची चळत, उघडच चोरीची. एक उचलतो. निघतो. काही महिन्यांनी परत करायला जातो तर घरात दुसरंच बिऱ्हाड.

त्या पाकीटवाल्या पोराचं नाव ऑगी काय सांगतो? रॉजर गुडविन.

मी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा सिनेमा थांबवून पाणी प्यायला उठलो. आता दोनच शक्यता. एक, ऑगीने समोरच्या पेपरातलं नाव उचललं आणि गोष्ट जागच्या जागी रचली, एका जेवणासाठी. दोन, गोष्ट खरी आहे, आणि ज्या पोराला त्याने तेव्हा सोडून दिलं तो पुढे दरोडेखोर झाला आणि आज मेला. आणि ही बातमी वाचूनच ऑगीला तो दिवस आठवला.

दुसरी शक्यता धरली तर धागालेखकाचा हिशेब पूर्ण होतो. पिशवीतले पैसे गुडविनच्या टोळीच्या दरोड्यातले. ते रुबीपर्यंत पोचले. कॅमेरा गुडविनच्या घरातला. त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत पॉलला बायको परत भेटली. या सगळ्या लोकांच्या आयुष्यात जे काही चांगलं झालं त्याची दोन्ही टोकं एका फुटकळ चोराच्या घरी जाऊन मिळतात, आणि त्याला याचा पत्ताही नाही.

---

जर्सीची आत्या | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

अगं बाई. इतक्या वेळा पाहिलाय, हे नाव कधी ऐकलंच नाही कानांनी.

---

पर्वतीकर | मंगळवार, रात्री ८:०२

मी 'सोडून द्या' वाचून थांबलो होतो, मग राहवलं नाही. आता बघून काय करू?

---

तिरकस | मंगळवार, रात्री ९:३३

पर्वतीकर :D

फ्रेमबाहेर, निरीक्षण पटलं, टोपी काढली. पण मग पहिलीच शक्यता खरी मानतो मी. ऑगी थापा मारतोय. गोष्ट संपल्यावरची त्याची ती मिश्कील नजर बघा. पॉललाही कळलेलं असतं. तो म्हणतो की थाप मारणं ही सुद्धा कला आहे, आणि तरी दोघं खूश. एकाला जेवण, दुसऱ्याला गोष्ट.

---

सांजवात | मंगळवार, रात्री ११:१८

थापांचा विषय निघालाच आहे तर. या सिनेमात लोक सतत असल्या गोष्टी सांगतात ज्या खऱ्या वाटतात आणि तपासायला गेलं की हातात धूरच.

सुरुवातीलाच पॉल दुकानातल्या टोळक्याला सर वॉल्टर रॅलेची गोष्ट सांगतो. राणीशी पैज, धुराचं वजन करून दाखवतो. सिगार तोलायचा, ओढायचा, राख आणि थोटूक परत तराजूत टाकायचं, जो फरक तो धूर. ऐकायला झकास. पण ज्वलनात हवेतला प्राणवायू येऊन मिळतो त्याचं काय, असं आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी विचारलं असतं.

मग पॉल रशीदला बाख्तिनची गोष्ट सांगतो. रशियन विचारवंत, लेनिनग्राडचा वेढा, तंबाखू आहे पण कागद नाही, म्हणून त्याने स्वतःच्याच पुस्तकाचं हस्तलिखित फाडून त्यात तंबाखू गुंडाळून ओढलं. प्रत्यक्षात युद्धकाळात बाख्तिन लेनिनग्राडमध्ये नव्हताच, मॉस्कोजवळच्या सावेलोवोत होता. हस्तलिखिताचे कागद सिगारेटी वळायला वापरल्याची कथा आहे, पण वेढ्याचा मसाला वरून पेरलेला.

तिसरी, आल्प्समध्ये हिमकड्याखाली गाडला गेलेला तरुण बाप. वीस-एक वर्षांनी मुलगा तिथेच बर्फावर घसरायला जातो, आणि त्याला बर्फात जसाच्या तसा बाप दिसतो, वयाने आपल्यापेक्षा लहान. ही मात्र खरी की खोटी हे शोधायला मी गेले नाही. मला ती तशीच हवी आहे.

म्हणून तिरकस, मला तुमचा 'थाप आहे' हा निष्कर्ष अपुरा वाटतो. थाप आहे हे ठरल्यावरही म्हातारी डोळ्यांसमोरून जात नाही, त्याचं काय करायचं?

---

फ्रेमबाहेर | बुधवार, सकाळी ७:५०

सांजवात, त्याचं उत्तर कॅमेऱ्याने दिलंय बहुतेक. ऑगी गोष्ट सांगत असताना कॅमेरा अगदी सावकाश त्याच्याकडे सरकत राहतो. आधी टेबल, मग चेहरा, मग नुसतं तोंड. दुसरं काही दाखवतच नाहीत, गोष्ट आपल्याला फक्त ऐकायची. आणि ती संपल्यावर, शेवटच्या श्रेयनामावलीच्या आसपास, तीच गोष्ट परत, या वेळी कृष्णधवल, संवाद नाहीत, वरून टॉम वेट्सचं गाणं. मुळात म्हणे बोलणं आणि दृश्यं आलटूनपालटून लावायचा बेत होता, तो जमेना म्हणून दोन्ही वेगळे केले. नशीब जमलं नाही.

आधी थाप म्हणून ऐकवली आणि मग खरी म्हणून दाखवली. निवाडा करायला वेळच दिला नाही.

---

मोडी_लिपी | बुधवार, दुपारी १२:१०

अवांतर: हा सिनेमा आज आपल्याकडे थिएटरात लागला तर ती 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे'ची पट्टी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हलणारच नाही. नावातच धूर. गंमत म्हणजे तिकडेही तो जून १९९५ मध्ये आला, आणि न्यूयॉर्क शहराने त्याच वर्षीच्या एप्रिलपासून बहुतेक मोठ्या हॉटेलांत धूम्रपानाला बंदी केली होती. ऑगीच्या दुकानाचं काही खरं नव्हतं.

आणखी अवांतर: चित्रीकरण संपल्यावर दुकानाचा सेट उभाच होता, म्हणून याच मंडळींनी पाच-सहा दिवसांत 'ब्लू इन द फेस' नावाचा दुसरा सिनेमा उरकला, बराचसा जागच्या जागी सुचेल तसा. त्यात गायक लू रीड गल्ल्यामागे उभा राहून स्वतःच्या चष्म्याबद्दल बोलतो, आणि दिग्दर्शक जिम जार्मुश दुकानात येऊन आपली शेवटची सिगारेट ओढतो. मॅडोना दारात येऊन तार गाऊन दाखवणारी तारवाली बनून येते. अर्धा भाग भारी, अर्धा कंटाळा. शिळ्या भाताचा फोडणीचा भात, पण फोडणी बरी पडलीय.

---

जर्सीची आत्या | बुधवार, संध्याकाळी ७:०५

त्यात ब्रुकलिन डॉजर्स हा बेसबॉलचा संघ १९५७ नंतर गाव सोडून कॅलिफोर्नियाला गेला त्याचं दुःख आहे, ते मला मूळ सिनेमाइतकंच आवडतं. इथल्या जुन्या लोकांशी बोलून बघा, कालच गेल्यासारखे बोलतात. आपल्याकडच्या गिरण्या गेल्याचं लोक बोलतात ना, तो सूर.

आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 'स्मोक'ला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला होता हे कोणीच कसं लिहिलं नाही!

---

तिरकस | बुधवार, रात्री १०:२०

अस्वल मिळाल्याने बायकांना काम मिळत नाही, आत्या.

---

जर्सीची आत्या | गुरुवार, पहाटे ३:४८

ते खरंच.

---

गल्लाधारी | रविवार, रात्री ११:४०

अखेर पाहिला. वडिलांबरोबर पाहिला, म्हणून उशीर. त्यांना ७८ पूर्ण झाली, इंग्रजी येत नाही, आणि रात्री नऊनंतर जागत नाहीत. बसले मात्र. मी अधूनमधून काय चाललंय ते सांगत होतो. पहिल्या तासात त्यांनी दोनदा विचारलं, "हे लोक माल कधी विकणार?"

अल्बमच्या वेळी मी काही सांगितलं नाही. ते स्वतःच पुढे सरकून बसले. पॉल रडायला लागल्यावर म्हणाले, "बायको दिसली वाटतं." त्यांना कसं कळलं विचारू नका. आमची आई २०१९ मध्ये गेली.

हॉटेलातली गोष्ट लांबलचक, सगळी बोलण्यात, मला भाषांतर जमेना. म्हटलं, थांबा, पुढे चित्रात दाखवतात असं फोरमवर वाचलंय. ते कृष्णधवल आल्यावर मग त्यांनी सलग पाहिलं. पोरगा पळाला, ऑगी मागे धावला तेव्हा चिडले, "गल्ला उघडा टाकून धावतो होय? येडाच आहे." म्हातारीने दार उघडून त्याला मिठी मारली तेव्हा एकदम शांतपणे म्हणाले, "तिला ठाऊक आहे हा तिचा नव्हे."

मी म्हटलं, आंधळी आहे हो ती.

"म्हणून तर," म्हणाले.

कॅमेरा उचलला त्यावर काही बोलले नाहीत. संपल्यावर उठले, चपला शोधल्या, दारापर्यंत गेले आणि मागे वळून विचारलं, "आणि त्या पोराने नेलेली मासिकं? त्यांचं काय झालं?"

मी परत जाऊन बघितलं. पळताना बहुतेक वाटेत टाकली त्याने. उद्या सकाळी सांगतो त्यांना.